अ‍ॅल्युमिनियमची रोड बाईक खरंच जड आणि हाडं खिळखिळी करणारी असते का?

७ जुलै १९९९. टूर द फ्रान्सचा चौथा टप्पा, लावाल ते ब्लुआ, अंतर १९४.५ किलोमीटर. वारा पाठीमागून होता आणि सगळा घोळका सुसाट सुटला होता. इटलीचा मारिओ चिपोलिनी पहिला आला, तेव्हा त्याचा सरासरी वेग निघाला ताशी ५०.३५५ किलोमीटर. टूरच्या इतिहासातल्या सर्वांत वेगवान टप्प्यांमध्ये या टप्प्याचं नाव आजही घेतलं जातं. चिपोलिनीच्या खाली होती कॅननडेल कंपनीची अ‍ॅल्युमिनियमची सायकल.

आदल्याच वर्षी मार्को पंतानीनं जिरो दि इटालिया आणि टूर द फ्रान्स या दोन्ही शर्यती एकाच मोसमात जिंकल्या होत्या. त्याची बियांकीसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचीच. पुढे कार्बन फायबर आलं आणि अ‍ॅल्युमिनियमची रवानगी ‘बजेट’च्या रांगेत झाली. आज दुकानात गेलात तर ऐकायला मिळतं, “पैसे कमी असतील तर अलॉय घ्या, पण ती जड असते आणि कडक चालते. पाठीची वाट लागेल.”

‘अलॉय’ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच. लाखभर रुपये हातात घेऊन दुकानात उभ्या असलेल्या माणसासाठी हा प्रश्न मोठा आहे. ‘जड’ आणि ‘कडक’ या दोन तक्रारींत तथ्य किती?

जर्मनचं पातेलं आणि सायकलची फ्रेम

घरात आजी ज्याला ‘जर्मनचं पातेलं’ म्हणते, तेही अ‍ॅल्युमिनियमचंच. हातातून पडलं की त्याला पोचा येतो. मग याच धातूच्या सायकलवर माणूस ताशी ६० च्या वेगानं घाट कसा उतरतो?

कारण सायकलचं अ‍ॅल्युमिनियम शुद्ध नसतं. सायकलींत जास्त करून दोन मिश्रधातू दिसतात. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं, तर ७००५ मध्ये प्रामुख्यानं जस्त आणि मॅग्नेशियम. पण नुसतं मिश्रण करून भागत नाही, ताकद येते ती भट्टीतून. ६०६१ ची फ्रेम वेल्डिंग झाल्यावर साधारण ५३० अंश सेल्सियसला तापवतात आणि झटकन थंड करतात. या क्षणी धातू मऊ असतो, म्हणून वेल्डिंगमध्ये वाकडी झालेली फ्रेम तेव्हाच सरळ करून घेतात. मग ती १७०-१८० अंशांवर काही तास ठेवतात. या काळात धातूच्या आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. मऊ अवस्थेतलं ६०६१ साधारण ५५ मेगापास्कल ताणाला कायमचं वाकतं. या प्रक्रियेनंतर त्याच कामाला सुमारे २७६ मेगापास्कल लागतात, म्हणजे ताकद पाचपट झाली.

तुटलेली अ‍ॅल्युमिनियम फ्रेम गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेऊ नये, त्याचं कारण हेच. सांधा दिसायला पक्का होतो, पण उष्णतेनं सांध्याच्या आजूबाजूच्या धातूची ताकद निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. फ्रेम पुन्हा भट्टीत घालणार कोण?

पाइप एवढे जाड का?

अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आहे. अडचण अशी की त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच आहे. पोलादी सायकलच्या मापाचे पाइप अ‍ॅल्युमिनियमचे बनवले, तर सायकल हलकी होईल, पण पॅडल मारताना लवलव करेल.

सुरुवातीला नेमकं हेच झालं. १९७० आणि ८० च्या दशकांत युरोपातल्या कंपन्यांनी अ‍ॅल्युमिनियमचे बारीक पाइप सांध्यांत चिकटवून फ्रेम बनवल्या. फ्रान्सची ‘व्हिटस ९७९’ त्यातली सर्वांत गाजलेली. आयर्लंडचा शॉन केली तिच्यावर मोठमोठ्या शर्यती जिंकला, पण दणकट स्प्रिंटरच्या पायाखाली ती लवते, ही तिची ख्याती कायम राहिली.

उत्तर सापडलं अमेरिकेत. एमआयटीमध्ये शिकलेल्या गॅरी क्लाइननं मोठ्या व्यासाच्या पाइपांचा मार्ग धरला आणि १९८३ मध्ये कॅननडेलनंही तशाच जाड पाइपांची पहिली सायकल बाजारात आणली. यामागचं गणित सोपं आहे. पाइपचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, वजन मात्र व्यासाच्याच प्रमाणात. म्हणजे पोलादी पाइपच्या दीडपट व्यास आणि दुप्पट जाडीची भिंत घेतली, तर अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपचं वजन पोलादाएवढंच भरतं, पण तो सव्वादोनपट ताठ होतो. एवढा ताठपणा नको असेल, तर भिंत पातळ करून वजन वाचवायचं. जुन्या पोलादी सायकलचा खालचा पाइप साधारण २८.६ मिलिमीटरचा असायचा. अ‍ॅल्युमिनियममध्ये तो ५० मिलिमीटरच्या घरात गेला.

पुढची हुशारी म्हणजे भिंतीची जाडी सगळीकडे सारखी न ठेवणं. वेल्डिंग होतं त्या टोकांना पाइप जाड आणि मध्ये पातळ. याला ‘बटिंग’ म्हणतात. नंतर साच्यात ठेवलेल्या पाइपमध्ये प्रचंड दाबानं द्रव सोडून त्याला हवा तसा आकार देणारं हायड्रोफॉर्मिंग आलं. या सगळ्यातून आजची चांगली अ‍ॅल्युमिनियम फ्रेम ११०० ते १२०० ग्रॅमपर्यंत खाली आली आहे.

फ्रेम म्हणजे अख्खी सायकल नव्हे

हलकी सायकल जोडायला बसलात, तर हिशेब साधारण असा होतो. फ्रेम १.१ किलो. कार्बनचा फोर्क (अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमलाही बहुतेकदा तोच असतो) ४०० ग्रॅम. चांगली अलॉय चाकं १.५५ किलो. गिअर, ब्रेक, क्रँक, चेन मिळून मधल्या दर्जाचा ग्रुपसेट अडीच किलोच्या आसपास. टायर-ट्यूब ६५० ग्रॅम. हँडल, स्टेम, सीट, सीट पोस्ट मिळून १.१ किलो. पॅडल ३०० ग्रॅम. बेरीज ७.६ किलो. यात फ्रेमचा वाटा सातवा हिस्सा! सायकलच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं शर्यतीसाठी ठरवलेली किमान मर्यादा ६.८ किलो आहे, त्या मानानं हे वजन वाईट नाही. दुकानातली सुरुवातीच्या किमतीची अलॉय रोड बाईक मात्र साडेनऊ-दहा किलोची भरते. दोष फ्रेमच्या धातूचा कमी आणि दोन किलोच्या चाकांचा, जाड टायरचा, स्वस्त क्रँकचा जास्त.

आता वजनाचा फरक घाटात किती पडतो ते पाहू. समजा तुम्ही सिंहगडासारख्या रस्त्यानं ६०० मीटर उंची चढताय. तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलो. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तुमच्या पायांतून २०० वॉट लागत असतील, तर चढायला ३९ मिनिटं लागतील. एक किलो कमी केला, तर वाचतील २९ सेकंद. कार्बनची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ३०० ग्रॅमनं हलकी धरली, तर वाचतील जेमतेम ९ सेकंद.

सपाट रस्त्यावर तर तेवढेही नाहीत. ताशी ३० किलोमीटरच्या वर गेलं की बहुतांश ताकद हवा कापण्यात जाते आणि तिथं वजनापेक्षा तुम्ही किती वाकून बसता याला महत्त्व असतं. हा हिशेब पाहिल्यावर निव्वळ वजनासाठी कार्बनवर दुप्पट खर्च करावा, असं मला तरी वाटत नाही. शर्यतीत उतरणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना ९ सेकंदही पुरतात.

आणि ‘कडक’ चालते त्याचं काय?

ही तक्रार खोटी नाही, फक्त आरोपी चुकीचा आहे. नव्वदच्या दशकातल्या जाड पाइपांच्या सायकलींना २३ मिलिमीटरचे किंवा त्याहूनही बारीक टायर असायचे आणि त्यात १२० पीएसआयपर्यंत हवा ठासलेली असायची. बसणारा वैतागला आणि खापर धातूवर फुटलं. प्रत्यक्षात त्रिकोणी फ्रेम वरून खाली जवळपास दबतच नाही, मग ती कशाचीही असो. रस्त्याचा धक्का गिळतात ते टायर, सीट पोस्ट आणि थोडाफार फोर्क. टायर काही मिलिमीटर दबतो, फ्रेम त्याच्या एका अंशानं.

म्हणून फ्रेममध्ये जागा असेल, तर २८ मिलिमीटरचे टायर टाका. सत्तर किलोच्या माणसाला त्यात ६५ ते ७५ पीएसआय हवा पुरते. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ नाही. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर कडक टायर वेगवान असतो. आपल्या रस्त्यांवर तो खडीवरून उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत तुमची मेहनत वाया जाते. उलट हवा फार कमी केली, तर खड्ड्याच्या कडेवर रिम आणि रस्ता यांच्यात ट्यूब चिमटते आणि दोन भोकांचं पंक्चर होतं. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर पाचेक पीएसआय जास्त ठेवलेली बरी.

वजन आणि आराम दोन्हींत फरक पाडणारा सर्वांत स्वस्त बदलही टायरचाच. चांगल्या टायरची जोडी आणि टीपीयूच्या हलक्या ट्यूब टाकल्या, तर जुन्या तारेच्या कडांच्या टायरच्या मानानं ३०० ग्रॅम सहज कमी होतात. म्हणजे कार्बन फ्रेमनं वाचवले असते तेवढेच.

जोडताना

पार्ट सुटे घेऊन सायकल बांधायची असेल, तर एक टॉर्क पाना आधी विकत घ्या. हलक्या स्टेमचे बोल्ट ५ न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचे असतात. हाताच्या अंदाजानं आवळले, तर आटे जातात किंवा कार्बनचा स्टिअरर दबतो. पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये जाताना ग्रीस लावायलाच हवं. दोन वेगळे धातू, त्यात घाम किंवा कोकणपट्टीतली खारी हवा, एवढ्यावर गंज सुरू होतो आणि दोन वर्षांनी बोल्ट निघतच नाही. कार्बनचा सीट पोस्ट असेल, तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट लावा आणि वर्षातून एकदा तो बाहेर काढून पुन्हा बसवा. अडकलेला सीट पोस्ट काढताना फ्रेम गेल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

गिअरमध्ये अहंकार आणू नका. पुढे ५०/३४ आणि मागे ११ ते ३२ किंवा ३४ दात, ही जोडी घाटाला योग्य. मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो ‘हँगर’ जास्तीचा एक विकत घेऊन ठेवा. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो. वाकावा म्हणूनच तो मऊ आणि बदलता येण्याजोगा ठेवलेला असतो.

तडा

अ‍ॅल्युमिनियमवर खरा आक्षेप घ्यायचा, तर तो थकव्याचा. तार पुढेमागे वाकवली की काही वेळानं तुटते, तसंच हे. पोलादाला एक मर्यादा असते आणि तिच्या खालचे धक्के ते जवळपास अमर्याद काळ सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. छोट्या-छोट्या ताणांचाही हिशेब साठत जातो. म्हणूनच डिझायनर फ्रेम मुद्दाम ताठ ठेवतात, कारण ती जितकी कमी लवेल तितकी कमी थकेल. जाड पाइप वेगासाठी असतातच, पण ते आयुष्यासाठीही असतात. नीट बनवलेली फ्रेम अनेक वर्षं आणि हजारो किलोमीटर निभावते. पण सेकंड हँड घेताना किंवा अपघातानंतर बघायच्या जागा माहीत असायला हव्यात.

फ्रेम ओल्या फडक्यानं पुसा आणि उजेडात न्या. हँडलखालचा उभा पाइप आणि खालचा तिरका पाइप जिथं जुळतात, तिथं खालच्या बाजूला बोट फिरवा. समोरून धडक बसलेल्या सायकलला तिथं बारीक सुरकुती किंवा फुगवटा असतो. मग क्रँकच्या भोवतालचे सांधे, सीट पोस्ट आत जातो ती खाच आणि मागच्या चाकाजवळची टोकं. वेल्डिंगच्या कडेनं रंगात केसासारखी रेघ दिसली, तर तिच्यावर पेनानं खूण करा, दोन-तीन राइडनंतर पुन्हा बघा. रंगाचा ओरखडा वाढत नाही, तडा वाढतो. मोठा धक्का बसल्यानंतर अशी रेघ दिसली असेल किंवा ती बोटाला लागत असेल, तर दोन-तीन राइडची वाट बघू नका.

चालवताना कटकट आवाज आला की लगेच घाबरू नका. बहुतेक वेळा तो कोरड्या पॅडलचा, सैल चेनरिंग बोल्टचा किंवा नुसत्या दाबून बसवलेल्या बॉटम ब्रॅकेटचा असतो. एकेक पार्ट काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा. तरीही आवाज त्याच जागेवरून येत राहिला, तर सायकल उतारावर नेऊ नका, आधी ती जागा रंग खरवडून बघा.