मोठी गाडी कधी घ्यायची?

मंडळी, दुसरं मूल झालं की घरात विषय निघतोच: आता मोठी गाडी घ्यायची का? आपण सहसा डोकी मोजतो. आई-बाबा पुढे, आजी-आजोबा मागे, मध्ये थोरली, धाकटा आजीच्या मांडीवर. बसलो की सहाजण पाचात! पण मोजायचे असतात ते सीटबेल्ट. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी आदळली, तर आजीचे हात बाळाला धरून ठेवूच शकत नाहीत. कायद्यातही 2019 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा चाइल्ड सीट सक्तीची झाली आहे; नसेल तर 1,000 रुपये दंड.

मग वेळ कशी ओळखायची? महिनाभर आपण टिपून ठेवूया, बेल्ट किती वेळा कमी पडले. दर आठवड्याला पडत असतील, तर मोठी गाडी घ्यावी. फक्त गणपतीत गावी जाताना पडत असतील, तर तेवढ्यापुरती भाड्याची गाडी करावी. आणि गाडी बघायला गेलो, की तिसरी रांग उभी ठेवूनच डिकी उघडून बघू. सात माणसं बसल्यावर बॅगा कुठे ठेवणार?

तोवर काय? मांडीवर कुणी नाही. एक फेरी जास्त मारू.