दीड लाख की दीडशे? पोर्तुगीज पेपरमधले आकडे कसे वाचायचे

आजचा सगळा खेळ एका टिंबाचा आहे. टिंब कानाला ऐकू येत नाही, म्हणून हा भाग ऐकलात तरी खालचे आकडे एकदा डोळ्यांखालून घाला.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाला. रिपोर्टवर प्लेटलेट्स ४२,०००. त्या दीड लाखाच्या वर असायला हव्यात, हे तोवर घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. रात्री दवाखान्यातल्या बाकावर बसून मी फोनवर डेंग्यूचे पेपर शोधत होतो. ब्राझीलमध्ये डेंग्यूवर भरपूर संशोधन होतं आणि त्यातलं बरंचसं फुकट वाचायला मिळतं. असाच एक पोर्तुगीज पेपर मिळाला, फोनवरच त्याचं भाषांतर करून घेतलं. तक्त्यात पेशंटचे दोन गट होते: १५०.००० च्या खालचे आणि वरचे. मी वाचलं, दीडशे! म्हणजे माणसं दीडशे प्लेटलेट्सवर जगतायत, मग आपल्याकडे तर बेचाळीस हजार आहेत. तासभर मी आईला हेच सांगून धीर देत बसलो.

सकाळी डॉक्टरांना दाखवलं. ते हसले नाहीत. त्यांनी त्या टिंबावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे स्वल्पविराम आहे असं समजून वाच."

झालं होतं असं, की ॲपने शब्द बदलले आणि आकडे तसेच ठेवले. पोर्तुगीजमध्ये हजार तोडायला टिंब वापरतात आणि दशांशाला स्वल्पविराम. इंग्रजीच्या बरोबर उलट. आपलं तर तिसरंच. म्हणजे दीड लाख आपण लिहितो १,५०,०००, इंग्रजी पेपर लिहितो १५०,००० आणि पोर्तुगीज पेपर १५०.०००. उलट १,२५० हा आकडा इंग्रजीत साडेबाराशे, तर पोर्तुगीजमध्ये फक्त सव्वा. चूक थोडीथोडकी नाही, हजार पटींची. इंग्रजी सेटिंग असलेल्या एक्सेलमध्ये १५०.००० पेस्ट करून बघा, तो गुपचूप १५० करून टाकतो. शून्यं गेली, पुरावाही गेला.

यावर वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली ठराव केलाय. दशांशाला टिंब चालेल, स्वल्पविरामही चालेल, पण तीन-तीन अंकांचे गट पाडायला दोन्ही नकोत, मोकळी जागा सोडा. चांगला ठराव आहे. पाळतात किती जण, ते जाऊ द्या.

मी आता नवा पेपर उघडला की आधी पी-व्हॅल्यू शोधतो. तिथे ०,०५ दिसलं की समजायचं, या घरात स्वल्पविराम म्हणजे दशांश. बऱ्याच ब्राझिलियन नियतकालिकांत सुरुवातीला दोन सारांश असतात, एक पोर्तुगीज आणि एक इंग्रजी. दोन्हीतला एकच आकडा शेजारी ठेवून बघितला की शंका फिटते. ग्राफकडे मात्र नीट बघा. तो चित्र म्हणून चिकटवलेला असतो, त्यामुळे इंग्रजी लेखातही त्यात कधी कधी पोर्तुगीज स्वल्पविराम तसेच राहून जातात.

आता शब्द. दहावीत मध्य, मध्यक, बहुलक केलंय ना? पोर्तुगीजमध्ये ते मेदिया, मेदियाना आणि मोदा. (ब्राझीलचे लोक मेदियाला 'मेजिया' म्हणतात, आणि साओ पाउलोत 'मेजिया' मागितलीत तर दुधाची कॉफी येते.) इंग्रजीत प्रमाण विचलनाला एसडी, पोर्तुगीजमध्ये डीपी. इंग्रजीत प्रमाण त्रुटीला एसई, तिकडे ईपी. ॲपला हे लघुरूप कळेलच असं नाही. आणि 'आंप्लितुजी' या शब्दाचं भाषांतर 'ॲम्प्लिट्यूड' असं आलं तर लाटेची उंची शोधत बसू नका. आकडेवारीत तो शब्द रेंजसाठी आहे, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातलं अंतर.

पण शब्द कळले म्हणजे सारांश कळला असं नाही. समजा पाच पेशंट दवाखान्यात राहिले २, २, ३, ३ आणि २० दिवस. सरासरी येते ६ दिवस. पाचांपैकी सहा दिवसांच्या जवळपास राहिलंय का कुणी? एकही नाही. एका वीसवाल्याने सगळ्यांना ओढलं. मध्यक ३ आहे, आणि तोच खरं चित्र दाखवतो. प्रमाण विचलन साधारण ७.८, म्हणजे इंग्रजी पेपरात "६ ± ७.८ दिवस" आणि पोर्तुगीजमध्ये "६ ± ७,८". आता सहातून ७.८ वजा करा. उणे १.८ दिवस! दवाखान्यात उणे दिवस कोण राहतं? जी गोष्ट शून्याखाली जाऊच शकत नाही, तिचं विचलन सरासरीपेक्षा मोठं दिसलं, की समजायचं आकडे एका बाजूला कललेत. नीट लिहिलेला पेपर अशा वेळी, कुठल्याही भाषेत, मध्यक देतो आणि सोबत मधल्या निम्म्या पेशंटची व्याप्ती. सरासरीच दिली असेल तर मी त्या वाक्यावर जास्त वेळ थांबतो.

मोठ्या आकड्यांत अजून एक खड्डा आहे. ब्राझीलचा 'बिल्यांव' म्हणजे इंग्रजी बिलियनच, आपला एक अब्ज. पोर्तुगालचा 'बिलियांव' मात्र त्याच्या हजारपट. म्हणून पेपर कुठल्या देशातला, हे आधी बघायचं.

भावाच्या प्लेटलेट्स चार दिवसांनी १,१०,००० झाल्या. तो रिपोर्ट मी आईला मोठ्याने वाचून दाखवला, दोन्ही स्वल्पविरामांसकट.