स्त्रीवाद विलायतेतून आला म्हणणाऱ्यांनी एकदा केडगावला उतरावं

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात बाईच्या प्रश्नांवर बोलायला उभं राहिलं की शेवटी एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘स्त्रीवाद हे पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शिकलेल्या बायकांचं खूळ, विलायतेतून आलेलं. आमच्या बायकांना त्याचं काय?’ म्हणणारे कधी गावचे कारभारी असतात, कधी शिक्षक, कधी पदवीच्या वर्गातली एखादी मुलगीसुद्धा. इतके दिवस मी हे ऐकून घेत आले. पण या वाक्याचा उपयोग कशासाठी होतो हे दिसायला लागलं की गप्प बसवत नाही. बाईचं म्हणणं ऐकायचं नसलं की ते बाहेरचं ठरवायचं, म्हणजे उत्तर द्यायची जबाबदारीच उरत नाही.

वाद घालण्याआधी सनावळी पाहू.

१८५५ साली पुण्यात, जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बाईचे थंडीवाऱ्यात काय हाल होतात, हे तिने त्यात मांडलं, आणि स्वतःच्या अनुभवावरून विचार करा असं वाचणाऱ्यांना बजावलं. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ आलं. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर झालेल्या खटल्याचं. बायकांच्या माथी मारले जाणारे दुर्गुण एकेक करून घ्यायचे आणि तेच पुरुषांच्या वागण्याला लावून पाहायचे, अशी त्या पुस्तकाची रीत. त्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले.

त्याच १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात होत्या. त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि हंटर शिक्षण आयोगापुढे मराठीत साक्ष दिली. शंभरातले नव्याण्णव शिकलेले पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत, असं त्यांनी आयोगाला सुनावलं. बायका आपली दुखणी पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत आणि त्यात जिवाला मुकतात, म्हणून स्त्रियांना वैद्यक शिकवा, अशी मागणी केली. बाईच्या अंगावरच्या अनुभवातून थेट सरकारी धोरणाची मागणी, असा तो प्रवास आहे.

आता विलायतेचं पाहू. आधुनिक पाश्चात्य स्त्रीवादाचा पायाचा ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात, ते सिमोन द बोव्हारचं ‘द सेकंड सेक्स’ १९४९ सालचं. त्याच्या दुसऱ्या खंडाचं नावच ‘जगलेला अनुभव’ अशा अर्थाचं आहे. ताराबाईंचं पुस्तक त्याच्या ६७ वर्षं आधीचं. तिकडेही याआधी बरंच लिहिलं गेलं होतं आणि त्यातलं काही आपल्याकडे वाचलंही जात होतं, हे मान्य. पण आपल्या बाया तिकडची उसनवारी करत होत्या, हे म्हणणं सनावळीपुढे टिकत नाही.

इथे दुसरी हरकत लगेच येते. ‘रमाबाई तर ख्रिस्ती झाल्या, मग त्या आपल्या कशा?’ बरं, रमाबाई इंग्लंडला गेल्या १८८३ मध्ये, आणि बाप्तिस्मा घेतला तो तिथे गेल्यावर. वर सांगितलेलं सगळं त्याआधीचं आहे. शिवाय धर्म बदलला म्हणून त्यांनी मान तुकवली नाही. निमूटपणे आज्ञा पाळा म्हणणाऱ्या तिथल्या धर्मगुरूंशी आणि जोगिणींशी त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. ती पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली आहेत, कोणालाही पाहता येतील. त्यांच्या शारदा सदन या शाळेतल्या धर्मप्रभावावरून १८९३ साली मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी संस्थेशी संबंध तोडले. त्या वादाला आजही जागा आहे, तो जरूर करावा. पण विधवेची, टाकलेल्या बाईची, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या पोरीची हकिकत त्या वादाने खोटी होत नाही.

आणि ही हकिकत कुठे लिहिली गेली, कुठे तिच्यावर काम झालं? पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात तर यवत, खुटबाव आणि मग केडगाव. दौंड तालुक्यातल्या या गावी रमाबाईंनी मुक्ती सदन वसवलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. पुढच्या तीन-चार वर्षांत केडगावात हजारावर बायका-मुली राहत होत्या. सगळ्यांना एकाच छपराखाली कोंबलं नव्हतं. शाळेसाठी शारदा सदन, फसवल्या गेलेल्या आणि समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी वेगळी सोय आणि ब्रेलचं शिक्षण. कुणाच्या वाट्याला काय आलं आहे, हे आधी विचारलं गेलं होतं म्हणूनच ही वाटणी झाली. शेती, गुरं, हातमाग, तेलाचा घाणा आणि छापखाना बायकाच चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे याच बायकांनी जुळवले. १९२२ साली रमाबाई केडगावातच गेल्या. संस्था आजही तिथे आहे. एवढं सगळं आपल्या तालुक्यात असताना ‘आमच्याकडे हे नव्हतंच’ म्हणायचं, याला काय म्हणावं?

या गैरसमजाच्या पोटात आणखी एक गैरसमज दडलेला आहे आणि तो जास्त घातक आहे: बाईचा अनुभव म्हणजे गाऱ्हाणं, त्याला पुरावा म्हणत नाहीत. स्त्रीवादी अभ्यासाचं खरं काम इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

रमाबाईंचं १८८७ सालचं ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक बाईच्या आयुष्याच्या टप्प्यांनी पुढे सरकतं: बालपण, संसार, वैधव्य. त्यात पाहिलेलं-भोगलेलं आहे आणि शेजारीच सरकारी आकडेही आहेत. १८७० सालच्या शिरगणतीचा एक दाखला त्यांनी दिला आहे. अमृतसर शहरातून एका वर्षात तीनशे मुलं लांडग्यांनी पळवल्याची नोंद होती, आणि ती तीनशेच्या तीनशे मुलं म्हणजे मुली होत्या. कागद खरा होता, आकडा खरा होता, पण त्या घरांतल्या बायांना काय माहीत होतं हे कोणी विचारलं नव्हतं. अनुभवाचा अभ्यास म्हणजे हे विचारणं. अनेकींना विचारायचं, लिहून घ्यायचं, एकमेकींशी आणि कागदपत्रांशी ताडून पाहायचं, आणि मग व्यवस्थेत खोट कुठे आहे ते दाखवायचं.

आजचं उदाहरण आपल्या बांधावरचं. पाटस आणि न्हावऱ्याच्या कारखान्यांमुळे हा पट्टा उसाचा झाला. तोडीला बीडकडची माणसं येतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल त्या कोयत्यावर मिळते आणि बहुतेकदा नवऱ्याच्या हातात पडते. दोघं पहाटे फडात उतरतात. तो तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून गाडीत टाकते. त्याआधी कोपीवरचं पाणी, चूल, पोरं तिचीच, नंतरचीही तिचीच. एक दिवस अंग धरलं तरी खाडा आणि त्याचा दंड. पाळी आली, पोट दुखलं, तरी खाडा परवडत नाही. वहीत हे कुठेच दिसत नाही, कारण वहीत ‘कोयता’ आहे, बाई नाही. बीडमधल्या बायका आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संघटना वर्षानुवर्षं गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल सांगत होत्या. ते ‘गाऱ्हाणं’ मानलं गेलं. २०१९ मध्ये बातम्या गाजल्या, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहातली एक. बायका जे सांगत होत्या ते खरं होतं. सरकारी आकडा नंतर आला.

कामाच्या मोजणीचंही तसंच. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीत प्रत्येक माणसाला एक संकेतांक मिळतो. फक्त घरकाम करणारीला ९२. घरकामासोबत सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणारी, घरासाठी शिवणटिपण करणारी असेल तर ९३. या दोन्ही संकेतांकांची बाई श्रमबलाबाहेर धरली जाते. स्त्री-अभ्यासकांनी यावर वर्षानुवर्षं भांडण मांडलं आणि ते निष्फळ गेलं नाही. १९९१च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच ‘शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमोबदल्याचं काम धरून’ अशा अर्थाची पुस्ती जोडली गेली. २०१९ मध्ये पहिली देशव्यापी वेळ-वापर पाहणी झाली. २०२४च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज जाणारा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. याला अजूनही कोणी खूळ म्हणणार असेल तर त्याने सरकारी सांख्यिकी खात्याशी भांडावं.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

गैरसमज: स्त्रीवाद म्हणजे पुरुषद्वेष. वस्तुस्थिती: रमाबाईंना संस्कृत आईने शिकवलं, आणि आईला समाजाचा रोष पत्करून शिकवलं ते वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी. शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी, धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं. फुले, कर्वे यांना वगळून हा इतिहास लिहिताच येत नाही.

गैरसमज: सगळ्या बायकांचा अनुभव सारखाच. वस्तुस्थिती: नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून लपवून लिहिलेलं ‘जिणं आमुचं’ आणि उर्मिला पवार-मीनाक्षी मून यांचं १९८९चं ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचल्यावर, जात सोडून बाईचा विचार करता येत नाही हे कळतं. शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठात याच साहित्यावर सिद्धान्त उभा केला.

गैरसमज: अनुभव सांगितला म्हणजे तो अंतिम सत्य. वस्तुस्थिती: स्त्रीवादी अभ्यासकही असं म्हणत नाहीत. अनुभव घडतो कसा हेही तपासलं पाहिजे, असं अमेरिकन इतिहासकार जोन स्कॉट यांनी १९९१ मध्येच मांडलं आहे.

गैरसमज: शेतकरी बाईला या चळवळीत कोणी विचारलंच नाही. वस्तुस्थिती: १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत नवऱ्यांनी आपली जमीन बायकोच्या नावावर केली.

गैरसमज: कायदा झाला, आता काही राहिलं नाही. वस्तुस्थिती: वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या अजूनही घेतल्या जातात.

शेवटी एक विनंती. २०२७च्या जनगणनेसाठी प्रगणक तुमच्या दारात येतील. ‘बाई काय काम करतात?’ असं विचारतील. तेव्हा ओसरीवरून ‘काही नाही, घरीच असते’ असं उत्तर देऊ नका. पहाटे गोठ्यात धार कोण काढतं, कांद्याची लागण कोण करतं, खुरपायला कोण जातं, ते आठवा. घरच्या रानातलं बिनपगारी कामही जनगणनेच्या लेखी काम धरलं जातं. आणि शक्यतो उत्तर त्या बाईलाच देऊ द्या. तिचं काम तिच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.