साठ लाख म्हणजे किती? शाळेच्या वर्गातला वंशसंहाराचा धडा

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, चॅटनूगा शहरापासून जवळ, डोंगरांच्या कुशीत व्हिटवेल नावाचे छोटे गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास. एके काळी गावाचे पोट कोळशाच्या खाणींवर चाले. राहणारे जवळजवळ सगळे गोरे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. जगात आपल्याहून वेगळी माणसे असतात आणि त्यांच्याशी कसे वागायचे असते, हे इथल्या मुलांना कळावे म्हणून १९९८ मध्ये तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका लिंडा हूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवीच्या मुलांसाठी एक ऐच्छिक वर्ग सुरू केला. विषय होता हिटलरच्या जर्मनीने केलेला ज्यूंचा संहार, म्हणजे होलोकॉस्ट.

साठ लाख ज्यू मारले गेले, हे कळल्यावर मुलांनी विचारले की साठ लाख म्हणजे नेमके किती? प्रश्न अगदी रास्त होता. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न थांबता मोजत राहिले, तर साठ लाखांपर्यंत पोचायला ६९ दिवस लागतात. सहाशे पटाच्या दहा हजार शाळांमध्ये मिळून तेवढी मुले होतील. काहीतरी गोळा करून हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा, असे वर्गाने ठरवले. जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेत लोक कोटाच्या कॉलरला पेपर क्लिप लावून निषेध करत, हे मुलांच्या वाचनात आले आणि क्लिपा जमवायला सुरुवात झाली. पेपर क्लिपचा शोध एका नॉर्वेजियन माणसाने लावला, असेही त्यांना वाचायला मिळाले होते. आज सगळीकडे दिसणाऱ्या क्लिपच्या बाबतीत ते खरे नाही. छापलेली प्रत्येक गोष्ट तपासून घ्यावी लागते, हाही इतिहासाच्या तासाचाच भाग असायला हवा.

सुरुवातीला क्लिपा तुरळक आल्या. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्तपत्राने या वर्गाची बातमी दिली आणि मग टपालाचा पूर आला. त्याच वर्षी जर्मनीहून रेल्वेचा जुना मालडबा गावात आणून शाळेच्या आवारात उभा करण्यात आला आणि ९ नोव्हेंबरला त्याचे स्मारक झाले. १९३८ मध्ये याच तारखेच्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली होती. डब्यात एक कोटी दहा लाख क्लिपा आहेत: साठ लाख ज्यूंसाठी आणि पन्नास लाख इतर बळींसाठी. यातला पन्नास लाखांचा आकडा इतिहासाच्या अभ्यासकांना मान्य नाही. पण रोमा, अपंग, पोलिश नागरिक, सोव्हिएत युद्धकैदी अशा इतर बळींची आठवण ठेवण्याचा मुलांचा हेतू मोलाचाच होता.

या उपक्रमावर पुढे माहितीपट निघाला, कौतुक झाले आणि टीकाही झाली. क्लिपा मोजल्याने माणसे कशी कळणार, असे टीकाकारांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. पण क्लिपांसोबत पत्रेही येत होती. कोणी मारल्या गेलेल्या मावशीचे नाव लिहून पाठवी, कोणी आजोबांचे. संहारातून वाचलेले वृद्ध स्वतः गावात येऊन बोलले. मुले शिकली ती या पत्रांतून आणि या माणसांकडून. आकड्याने उत्सुकता जागी झाली, नावांनी तिला अर्थ दिला.

हा विषय साधारण अकरा ते चौदा या वयात सुरू करावा, असे वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालयाचे मार्गदर्शन आहे. या वयाच्या मुलाला दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता येते आणि एका घटनेतून दुसरी कशी निघाली हेही समजू लागते. शिवाय गट, टोळी, कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे, हे तर त्याचे रोजचे जगणेच असते. ॲन फ्रँक या ज्यू मुलीला रोजनिशीची वही मिळाली ती तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ रोजी. सातवी-आठवीच्या वर्गात तिचे पुस्तक इतके जवळचे का वाटते, हे वेगळे सांगायला नको.

मात्र सुरुवात छळछावणीपासून केली तर धडा फसतो. प्रेतांचे ढीग दाखवले की मूल हादरते, नजर फिरवते आणि हे सारे कुठल्याशा राक्षसांनी केले असे मानून मोकळे होते. खरी कथा कितीतरी आधी सुरू होते आणि तिचा मोठा भाग शाळेतच घडतो. हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये. एप्रिलमध्येच जर्मन शाळांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा आली. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि ज्यू-बिगरज्यू विवाहांना बंदी केली. नोव्हेंबर १९३८ मध्ये उरलेल्या ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकण्यात आले, सिनेमागृहांचे दरवाजेही बंद झाले. सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला कपड्यावर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. एकेक बंदी आली तेव्हा शेजारी, शिक्षक, वर्गमित्र काय करत होते, हा या धड्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि मुले तो टाळत नाहीत.

त्या काळची जर्मन पाठ्यपुस्तकेही अभ्यासण्याजोगी आहेत. मनोरुग्णांच्या देखभालीवर सरकारचा किती खर्च होतो आणि त्या पैशात निरोगी कुटुंबांसाठी किती घरे झाली असती, अशी गणिते मुलांना घातली जात. ज्यूंना विषारी अळंबीची उपमा देणारे एक सचित्र बालपुस्तक १९३८ मध्ये न्युरेंबर्गच्या युलियुस श्ट्रायखरने छापले. पुढे त्याच शहरात नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात त्याला फाशी झाली. बेरीज-वजाबाकीच्या तासाला द्वेष शिकवता येतो, हे चौदा वर्षांच्या मुलाला नीट समजते, कारण तेही रोज तशाच बाकावर बसलेले असते.

शिकवताना काही मर्यादा सांभाळाव्या लागतात. भयानक छायाचित्रे बेताने वापरावीत आणि वर्गात ज्यू व नाझी अशी सोंगे मुलांना कधीही देऊ नयेत, यावर बहुतेक अनुभवी शिक्षक ठाम आहेत. इथे आयोवा राज्यातल्या राइसव्हिल गावच्या जेन एलियट यांचे नाव हटकून निघते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, त्यांनी तिसरीच्या वर्गात डोळ्यांच्या रंगावरून मुलांचे दोन गट केले आणि एका गटाला वरचढ ठरवले. बघता बघता मुले एकमेकांना तुच्छतेने वागवू लागली. भेदभाव किती झटपट रुजतो हे त्यातून दिसले, पण लहान मुलांना पूर्वकल्पना न देता असे दुखवावे का, हा वाद आजही आहे. तो प्रयोग पुन्हा करण्यापेक्षा त्याचे चित्रीकरण पाहून त्यावर बोलणे केव्हाही श्रेयस्कर.

चांगुलपणाचा धडा याच विषयातून निघतो, पण उपदेश करून नाही. पोलंडमधले डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक वॉर्सात ज्यू अनाथ मुलांचे घर चालवत. त्यांनी १८ जुलै १९४२ रोजी, वॉर्साच्या कोंडलेल्या ज्यू वस्तीत, मुलांकडून रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ हे नाटक बसवून घेतले. आजारी, खिडकीशी खिळलेल्या अमलची ही गोष्ट. कोर्चाक यांना सुटकेची संधी मिळत होती, ती त्यांनी नाकारली. ऑगस्टमध्ये जवळपास दोनशे मुलांसोबत ते ट्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढले आणि तिथेच सर्वांचा अंत झाला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कच्या लोकांनी सात हजारांहून अधिक ज्यूंना मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोचवले. मात्र फक्त अशाच कथा सांगितल्या तर मुलांचा समज होईल की सगळीकडे मदतीचे हात होते. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्या २८ हजारांहून अधिक बिगरज्यूंना गौरवले आहे. युरोपच्या कोट्यवधी लोकसंख्येत ही संख्या फार लहान. बहुसंख्य लोकांनी ना मारले, ना वाचवले, ते पाहत राहिले. वर्गातली चर्चा सर्वांत जास्त रंगते ती या पाहणाऱ्यांवर.

शिकवणीला दुसरे उदाहरण जोडले की विषय एका देशापुरता, एका काळापुरता राहत नाही. संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार ९ डिसेंबर १९४८ रोजी संमत केला, भारतही त्यात सहभागी आहे. तरीही १९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली, त्यांतले बहुतेक तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाचे. बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू किंवा तुत्सी अशी नोंद सक्तीची केली होती. १९९४ मध्ये रस्तोरस्ती अडवून हीच ओळखपत्रे तपासली गेली. रेडिओवरून तुत्सींना झुरळे म्हटले जात होते. अळंबी आणि झुरळ, दोन्हींमागची युक्ती एकच आहे, हे मुले आपणहून ओळखतात.

तुलना करताना एक सावधगिरी हवी. वर्गात कोणाला चिडवणे, कोणाशी न बोलणे, डब्याला सोबत न घेणे हे वाईटच, पण तो वंशसंहार नव्हे. संहाराला सरकार, कायदे, पोलीस आणि प्रचाराची यंत्रणा लागते. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजल्या तर बळींचा अपमान होतो आणि वर्गातल्या त्रासाकडेही नीट पाहिले जात नाही. म्हणून जाणते शिक्षक त्यांसाठी वेगळे तास ठेवतात. परीक्षेत ते केवळ सनावळी विचारत नाहीत. एखाद्या खऱ्या प्रसंगात कोणापुढे कोणते पर्याय होते, त्याने कोणता निवडला आणि त्याची काय किंमत पडली, हे ते मुलांना लिहायला सांगतात.