सोन्याची पूड

सोन्याचा पत्रा इतका पातळ ठोकलेला असतो की बाभळीचा काटा सहज आरपार जावा. त्याचे तुकडे लोखंडी पळीत घालून शेगडीवर लाल करायचे आणि तिळाच्या तेलात सोडायचे. चर्र होतं, धूर उठतो, कधी तेलावर ज्वाळही धरते. तुकडे काढायचे, पुन्हा तापवायचे, पुन्हा तेलात. असं सात वेळा. मग ताकात सात वेळा, गोमूत्रात सात, कांजीत सात, कुळथाच्या काढ्यात सात. पुणे जिल्ह्यातल्या एका छोट्या रसशाळेत मी हे शोधन पाहत बसले, तेव्हा ताकाची पाळी चालू होती. खोलीभर आंबट-करपट वास होता. काम करणारे काका प्रत्येक बुडीनंतर तुकडे चिमट्याने उचलून ताटलीत मांडत आणि भांड्याच्या तळाशी काही उरलंय का, ते उजेडात धरून पाहत. सोन्याचा कण हरवला तर हिशेब त्यांनाच द्यायचा असतो.

यानंतरचं काम खलातलं. शुद्ध केलेल्या तुकड्यांवर दुप्पट पारा घालतात आणि लिंबाच्या रसात घोटतात. पिवळा रंग बघता बघता नाहीसा होतो. सोनं पाऱ्यात विरघळून पांढरट, लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. त्यात गंधक पडला की घोटता घोटता सगळं काळंभोर. या काळ्या चुऱ्याच्या चकत्या वाळवून दोन मातीच्या पणत्यांत, तोंडाला तोंड लावून, बंद करतात. सांध्यावर चिखलात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या सात-सात पदरी चढतात. मग खड्ड्यात रानगोवऱ्या, मध्ये हे संपुट, वर पुन्हा गोवऱ्या, आणि आग. याला पुट म्हणतात. थंड झालं की फोडायचं, पुन्हा घोटायचं, पुन्हा पुट द्यायचं. पिवळ्या सोन्याची चमक नसलेली लालसर तपकिरी पूड, म्हणजे सुवर्णभस्म, हाती लागेपर्यंत हे चालतं. आता बऱ्याच ठिकाणी गोवऱ्यांच्या जागी विजेची भट्टी आली आहे. तापमान काट्यावर वाचता येतं, ही त्यातली चांगली गोष्ट.

खड्डा पेटला तेव्हा काका म्हणाले, "ताई, तिकडून या बाजूला व्हा, वारा फिरलाय." त्यांच्या तोंडाला साधा सुती रुमाल होता. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो. आग त्याच्या कितीतरी वर जाते. संपुटातून पारा निघून जातो म्हणूनच भस्म तयार होतं. निघालेला पारा मात्र हवेतच जातो, आणि त्याची वाफ मेंदूला आणि मूत्रपिंडाला घातक असते. सोनं खावं की नाही याच्या चर्चेत खाणाऱ्याचाच विचार होतो. वर्षानुवर्षं त्या खड्ड्याशेजारी उभं राहणाऱ्या माणसाचा कुणी करत नाही, याचा मला राग येतो. धूर ओढून घेणारी सोय आणि पारा अडवणारा मुखवटा हा तिथला किमान खर्च मानला पाहिजे.

तयार भस्माच्या परीक्षा रसशाळेच्या वैद्यांनी मला हौसेने करून दाखवल्या. चिमूटभर पूड वाटीतल्या स्थिर पाण्यावर टाकली. ती तरंगत राहिली. अंगठा आणि तर्जनीत चोळली; बोटांच्या रेषांत शिरून बसली. उन्हात धरली, चमक नाही. या परीक्षा मोठ्या निरीक्षणातून आल्या आहेत आणि त्या पूड किती बारीक झाली हे चोख सांगतात. पण नागभस्मही, म्हणजे शिशाचं भस्मही, याच परीक्षांना उतरवतात. पाण्यावर तरंगलं म्हणून शिसं निरुपद्रवी होत नाही. पोटातल्या आम्लात ते सुटतं, रक्तात जातं, हाडांत साठतं. मुलांच्या मेंदूचं नुकसान करतं. रक्तातल्या शिशाची सुरक्षित पातळी कोणतीच ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली गेली; सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. धातुयुक्त रसौषधींत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर हे आकडे आधी वाचावेत.

सोन्याचं तसं नाही. जठरातलं आम्ल त्याला विरघळवू शकत नाही. मिठाईवरचा शुद्ध वर्ख जसा गेला तसा बाहेर पडतो. अपाय नाही, उपयोगही नाही. भस्म त्याहून वेगळं. क्ष-किरणांच्या तपासण्यांत त्यातलं सोनं धातुरूपच आढळलं आहे, पण कण नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके सूक्ष्म. एवढे बारीक कण शरीरात कसे वागतात, हा वर्खाहून निराळा प्रश्न. मात्रा असते १५ ते ३० मिलिग्रॅम, तांदळाच्या दाण्याच्या वजनाची. सोन्याची संयुगं आधुनिक वैद्यकानेही वापरली: फ्रान्समध्ये जाक फोरेस्तिए यांनी १९२९ साली संधिवातावर त्यांचा उपयोग मांडला, १९८५ साली ऑरानोफिन नावाची गोळी अमेरिकेत मंजूर झाली. त्यांनी गुण दिला, पण अंगावर पुरळ, जुलाब, लघवीतून प्रथिनं जाणं हेही सोबत आणलं. म्हणून त्या काळी रुग्णांचं रक्त आणि लघवी सतत तपासत. सुवर्णभस्म घेणाऱ्याची अशी तपासणी सहसा कुणी करत नाही.

पुष्य नक्षत्राला आपल्याकडे गावोगावी सुवर्णप्राशनाची शिबिरं भरतात. आया तान्ह्यांना घेऊन रांगेत उभ्या असतात. काश्यपसंहितेत आहे ते सोनं धुतलेल्या दगडावर पाण्यात उगाळून मध-तुपातून चाटवणं. तिथे पारा नाही, भट्टी नाही. शिबिरातल्या थेंबांत बहुधा भस्म असतं. आणि मध? वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यातल्या बीजाणूंमुळे बोटुलिझम होऊ शकतो. घरी सहाणेवर वेढा उगाळावा तर जुन्या दागिन्याचा डाग कशाचा आहे, हेही पाहायला हवं. सराफी पेढ्यांच्या पाट्यांवर मिरवलेलं केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाग, आणि कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठून राहतं.

निघताना मी वैद्यांकडे त्या घाण्याच्या भस्माचा प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. त्यांनी कपाटातून काढून दिला. पारा, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, चारही ओळी भरलेल्या होत्या. "मागणारं गिऱ्हाईक फारसं येत नाही," ते म्हणाले, आणि त्याची प्रत काढायला मुलाला दुकानात पाठवलं.