एका धर्मभगिनीच्या पेशी आणि स्तनाचा कर्करोग

बटाट्याचे किंवा उसाचे बेणे आपण जाणतोच. मूळचे झाड केव्हाच गेलेले असते, पण बेण्यातून त्याचा वाण वर्षानुवर्षे चालू राहतो. कर्करोगाचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींचेही असेच बेणे राखतात.

रोग्याच्या गाठीतून किंवा छातीत साठलेल्या पाण्यातून पेशी घेऊन त्या पोषक द्रवात, ३७ अंश उबेत ठेवतात. बहुतेक पेशी मरतात, क्वचितच काही वाढत राहतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात सिस्टर कॅथरिन फ्रान्सिस नावाच्या धर्मभगिनी स्तनाच्या कर्करोगाने १९७० मध्ये निवर्तल्या. त्यांच्या छातीतील पाण्यातून मिळालेल्या पेशी डॉ. हर्बर्ट सूल यांनी वाढविल्या आणि १९७३ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. 'एमसीएफ-७' नावाच्या त्या पेशी आजही जगभर वापरात आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातही त्या जतन केलेल्या आहेत.

आपल्या देशात हे तंत्र रुजविण्यात पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचा मोठा वाटा आहे. बाल्टिमोर येथे शिकून आल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

या पेशींचा उपयोग काय? एमसीएफ-७ पेशींत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला धरणारी जागा असते. संप्रेरक तेथे बसले की पेशी वाढतात. टॅमॉक्सिफेन हे औषध ती जागा अडविते. कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवावी तसे. मग वाढ मंदावते. हे औषध कसे काम करते, हे समजण्यास या पेशींची फार मदत झाली.

परंतु कुंडीत उत्तम आलेले रोप शेतात तसेच येईल असे नाही. बाटलीतील पेशींवर चाललेले औषध रोग्यांवर काळजीपूर्वक पारखावेच लागते. शिवाय सर्व गाठी एका वाणाच्या नसतात. काहींत ही जागाच नसते. तेथे टॅमॉक्सिफेनचा उपयोग होत नाही. म्हणून डॉक्टर आधी गाठीचा तुकडा तपासतात. सुई टोचल्याने रोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. तसेच शेजारणीला दिलेली गोळी आपण घेऊ नये.

स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळी, बोंडातून रक्त, यांपैकी काही दिसल्यास ते दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. लाजेपोटी किंवा सोयाबीनची काढणी उरकू दे म्हणून दिवस घालवू नयेत. बदनावरच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. गरज पडल्यास पुढे धार किंवा इंदूरला जावे. घरच्या पुरुषांनी सोबत जावे. गाठ लहान असताना उपचार सोपे पडतात.

मिस्सेत मृतांसाठी प्रार्थना करताना या धर्मभगिनीचीही आठवण ठेवू या.