कंपन-यंत्रावर उभे राहून म्हातारपणचा तोल सावरतो का?

मोहाडी तालुक्यातील करडी परिसरात वृद्धांसोबत काम करताना हल्ली तरुणांकडून एक प्रश्न वारंवार येतो. मोबाईलवर जाहिरात दिसते : थरथरणाऱ्या पाटावर रोज दहा मिनिटे उभे राहा, पायात ताकद येईल, तोल सुधारेल, स्मरणशक्तीही वाढेल. नागपूर-पुण्यात नोकरीला असलेला मुलगा गावातल्या आईसाठी हे यंत्र मागवायला निघालेला असतो. त्याची काळजी खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यात वृद्ध सर्वाधिक असतात. उभा जन्म रोवणीत वाकून काढलेल्या बाईला बांधीच्या निसरड्या धुऱ्यावरून चालणे साठीनंतर किती अवघड जाते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

हा पाट सेकंदाला साधारण 15 ते 50 वेळा, काही मिलिमीटर इतकाच हलतो. स्नायूंत ताण ओळखणाऱ्या सूक्ष्म यंत्रणा असतात. प्रत्येक हिसक्याला त्या स्नायूला आपोआप आखडायला लावतात. म्हणजे माणूस नुसता उभा दिसला तरी त्याचे पाय काम करत असतात. कल्पना जुनीच आहे. लांबच्या गाडीप्रवासानंतर कंपवाताच्या रुग्णांना बरे वाटते, हे पाहून फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी 1892 च्या सुमारास थरथरणारी खुर्ची वापरून पाहिली होती.

वृद्धांवरील काही प्रयोगांत खुर्चीतून उठणे आणि चालणे थोडे सुधारलेले दिसले, काहींत फरक पडला नाही. प्रत्येक प्रयोगात कंपनाचा वेग, वेळ आणि माणसे वेगळी, त्यामुळे ठाम निष्कर्ष निघत नाही. बुद्धीविषयीचा दावा तर त्याहून कच्चा आहे. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन येथील 2014 च्या अभ्यासात 133 निरोगी तरुणांना दोन-दोन मिनिटे कंपन देण्यात आले आणि लक्ष एकाग्र करण्याच्या एका चाचणीत लगेच थोडी सुधारणा दिसली. विशीतल्या विद्यार्थ्यांवरचा हा तात्पुरता परिणाम सत्तरीतल्या आजीचे विस्मरण थांबवेल, असे त्यावरून म्हणता येत नाही. जाहिरात मात्र तेच म्हणते.

शिवाय कंपन म्हणजे नेहमी औषध नव्हे. चिखलणीच्या दिवसांत तासन् तास ट्रॅक्टरवर बसणाऱ्याची कंबर का धरते? तेही संपूर्ण शरीराला बसणारे कंपनच, फक्त वेग आणि मात्रा वेगळी. पेसमेकर, रक्ताची गुठळी, ताजे फ्रॅक्चर, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर या पाटावर चढू नये. आपल्या समाजाने आणखी एक लक्षात ठेवावे. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि या आजारात मांडीच्या हाडाचा गोळा रक्तपुरवठ्याअभावी निकामी होण्याची भीती असते. अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

मग करायचे काय? साध्या व्यायामाचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात 108 चाचण्या तपासल्या गेल्या. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी कमी झालेले आढळले. त्यात तोल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम मुख्य होते. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, भिंत धरून एका पायावर उभे राहणे, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून चालणे. आठवड्यातून तीन दिवस वंदनेनंतर विहारातच हे घेता येईल. सोबत एक धडधाकट माणूस उभा ठेवा म्हणजे झाले.

तरुणांनी एक चाचणीही घ्यावी. आजीला खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत येऊन बसायला सांगा आणि मोबाईलवर वेळ मोजा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. डोळ्यांतला मोतीबिंदू आणि चक्कर आणणाऱ्या गोळ्या, दोन्ही तपासून घ्या.

विस्मरणाबाबतही थोडे. देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीवरील 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना, डिमेन्शिया आहे. स्त्रिया, खेड्यातले लोक आणि शाळा न मिळालेले यांच्यात तो जास्त आढळतो. शाळेच्या दारातून परत पाठवलेल्या आपल्या आज्या या तिन्हींत बसतात. कमी ऐकू येणे, उच्च रक्तदाब आणि एकटेपणा ही टाळता येण्याजोगी कारणे आहेत, आणि तिथे काम करायला यंत्र लागत नाही. 65 वर्षांवरील कमी उत्पन्नाच्या व्यक्तींना श्रवणयंत्र, चष्मा, काठी अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच 3000 रुपये बँक खात्यात जमा होतात. कोणी अर्ज केला आणि कोणाचा राहिला, याची यादी गावातल्या मंडळाने या महिन्यात काढावी.